उभ्या गाडीचं दुखणं

संपादकांना वेगावर लेख हवा होता. अंधेरीतल्या त्या गॅरेजात गेलो, तर फेरारी ३६० मोडेना चाकांवर निश्चल उभी आणि मिस्त्री तिच्या सीटांमागच्या पोकळीत कमरेपर्यंत शिरलेले.

ही गाडी १९९९ची. ३.६ लिटरचं व्ही-८ इंजिन, ४०० अश्वशक्ती, अॅल्युमिनियमचा सांगाडा. आपल्याला ती ठाऊक झाली सचिनमुळे. शूमाकरच्या हातून त्याला सिल्व्हरस्टोनला मिळाली, आयातशुल्काच्या माफीवरून गदारोळ झाला, पैसे अखेर फियाटने भरले आणि २०११मध्ये ती सुरतेला विकली गेली. समोरची गाडी तिचीच बहीण. मी मात्र अडकलो दोन रबरी पट्ट्यांत.

टायमिंग बेल्ट. क्रँकच्या तालावर कॅमशाफ्ट फिरवून ४० व्हॉल्व्ह नेमक्या क्षणी उघडायचे-मिटायचे, हे त्यांचं काम. पट्टा तुटला की वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिनाचा निकाल लागतो. शिवाय रबर किलोमीटर मोजत नाही. गाडी वर्षात दोनशे किलोमीटर फिरो की वीस हजार, तीन-चार वर्षांनी पट्टे बदलायचेच. आधीच्या एफ३५५मध्ये त्यासाठी अख्खं इंजिन उतरवावं लागे. हिच्यात सीटांमागे झाकण दिलं. २००४च्या एफ४३०मध्ये साखळी आली. मला ती सुधारणा वाटते, मिस्त्रींना नाही. "पट्ट्यामुळे निदान तीन वर्षांनी गाडी उघडली तरी जाते," ते म्हणाले.

उघडल्यावर काय काय निघतं! उंदरांनी कुरतडलेली वायर, तडकलेले होज. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. पेट्रोलमधलं इथेनॉलही पाणी ओढतं, आणि आता ते वीस टक्के. आतल्या बटणांवरचा मऊ लेप गुळासारखा चिकट झालेला. टायरची नक्षी कोरी, पण कडेवरचे चार आकडे वाचले तर जन्म दहा वर्षांपूर्वीचा.

मिस्त्रींचा खरा राग मालकांच्या मायेवर. हे साहेब दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करतात. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. सायलेन्सर आणि ऑइल पुरतं तापलं नाही तर ते आतच राहतं. बॅटरी तर स्टार्टरने खाल्लेली वीजही परत मिळवत नाही. "पाचच मिनिटं असतील तर चावी लावूच नका, साहेब. चार्जर लावून ठेवा. नाहीतर अर्धा तास सलग पळवा."

पळवायची कुठे? रविवारी पहाटे सी लिंक मोकळा असतो, पण सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक आधी पार व्हायला हवा. तिथे गाडीचं नाक घासतं. जून ते सप्टेंबर तर कव्हर निघतच नाही.

मी निघता निघता मालकांचा फोन आला. गाडी तयार होती. आणखी महिनाभर तिथेच ठेवता येईल का, असं ते विचारत होते.