घरातली हवा (भाग ६) : कोरड्या खोलीला पाणी किती?

मागच्या भागात आपण खोलीच्या तापमानाविषयी बोललो. पण तापमान तेच असताना एका खोलीत बरे वाटते आणि दुसरीत ओठ फुटतात, घशाला कोरड पडते, लहान मुलांचा घोळणा फुटतो. हा बहुतेक वेळा हवेतल्या ओलाव्याचा फरक असतो. तो ओलावा वाढवणारे ह्युमिडिफायर आता आपल्याकडेही सहज मिळतात. ते घेण्याआधी आपल्या खोलीला पाणी लागते का, आणि लागत असेल तर किती, हे पाहू.

हवा जितकी गरम, तितकी जास्त वाफ तिच्यात मावते. एक घनमीटर हवेत १० अंश सेल्सिअसला जेमतेम साडेनऊ ग्रॅम, तर २५ अंशांना २३ ग्रॅम. या कमाल मर्यादेचा जेवढा भाग भरलेला असतो, ती आर्द्रतेची टक्केवारी. नाशिककडची थंडीतली रात्र घ्या. समजा, बाहेर १० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता आहे. म्हणजे घनमीटरमागे साडेपाच ग्रॅमच्या आसपास वाफ. ही हवा घरात येऊन हीटरने २५ अंशांपर्यंत तापली, तर वाफ तेवढीच राहते, पण आर्द्रता २४ टक्क्यांवर घसरते. शिकागो किंवा टोरांटोत राहणाऱ्या आपल्या माणसांच्या घरी हेच टोकाला जाते : उणे १० अंशांची हवा २१ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता १५ टक्क्यांच्याही खाली जाते. एसी मात्र हवेतले पाणी खरोखरच काढून घेतो. त्याच्या पाइपातून बाहेर टपकते ते आपल्याच खोलीतले.

घरात ३० ते ५० टक्के आर्द्रता असावी, असे साधारणपणे मानले जाते. ती फार कमी झाली की नाक-घशातले ओलसर अस्तर सुकते आणि धूळ व जंतू अडवण्याचे त्याचे काम मंदावते. ६० टक्क्यांच्या वर बुरशी धरते, गाद्या-उशांत धुळीतले किडे वाढतात आणि दमेकऱ्यांचा त्रास बळावतो. म्हणून पहिली खरेदी आर्द्रतामापकाची करा. तो काही शे रुपयांत मिळतो. पावसाळ्यात मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात तो ८० दाखवत असेल, तर ह्युमिडिफायरचा विचारही नको.

आता हिशोब. १२ बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ४१ घनमीटर हवा. २५ अंशांना तिची आर्द्रता २५ वरून ४५ टक्क्यांवर न्यायला १९० ग्रॅम पाणी पुरते, म्हणजे पेलाभरही नाही! पण दारा-खिडक्यांच्या फटींतून हवा बदलत राहते. दर दोन तासांनी सगळी हवा बदलते असे धरले, तर रात्रभरात आणखी पाऊण लिटर लागेल. तेव्हा एका खोलीसाठी दोन लिटरची टाकी भरपूर झाली.

यंत्रांचे मुख्य प्रकार तीन. भिजलेल्या पॅडमधून पंख्याने हवा खेचणारे. विदर्भातला कूलर याच जातीचा. हवा ओलावत गेली की पॅडवरचे बाष्पीभवन आपोआप मंदावते. दुसरे पाणी उकळून वाफ सोडणारे. लहान मुले असतील तिथे भाजण्याचा धोका. तिसरे अल्ट्रासॉनिक. त्यातली चकती सेकंदाला दहा लाखांहून अधिक वेळा थरथरते आणि पाण्याचे बारीक तुषार उडवते. ते आवाज करत नाही आणि वीजही कमी खाते, पण पाण्यात जे असेल ते सगळे हवेत सोडते. बोअरचे जड पाणी घातले तर फर्निचरवर पांढरी भुकटी बसते, आणि तीच श्वासातही जाते. या यंत्रात डिस्टिल्ड पाणी उत्तम, ते नसेल तर आरओचे.

स्वच्छतेत मात्र कुचराई नको. टाकी रोज रिकामी करून ताजे पाणी भरा, दर तिसऱ्या दिवशी घासून धुवा, क्षार धरले असतील तर पातळ व्हिनेगरने काढा आणि टाकी पुन्हा खळखळून धुवा. पाण्यात जंतुनाशक, अत्तर, तेल काहीही घालू नका. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशके सर्रास विकली जात. त्यांच्या तुषारांनी असंख्य लोकांची फुप्फुसे निकामी झाली आणि अनेक बालके व गर्भवती दगावल्या. खरे कारण २०११ मध्ये उघड झाले. जे पोटात गेले तर चालते, ते फुप्फुसात चालेलच असे नाही.

या आठवड्यात एवढेच करा : मापक उशाशी ठेवा आणि झोपताना व उठल्यावर आकडा लिहून ठेवा. तो सतत ३० च्या खाली राहिला तरच यंत्र घ्या, आणि ५० च्या पुढे गेला की बंद करा. हवा बदलण्याचा उल्लेख वर आला. पुढच्या भागात खिडक्या कधी आणि किती उघडाव्यात ते पाहू.