चित्र काढलं, पण दाखवलं का?

एखाद्या समाजाचं जगणं, त्याची कामं, त्याचे विधी कॅमेऱ्यात नोंदवणं म्हणजे मानववंशशास्त्रीय माहितीपट. ऐकायला सोपं वाटतं. पण कॅमेरा धरणारा बहुधा बाहेरचा असतो आणि दिसणारा गावातला. मग त्या चित्रावर हक्क कुणाचा? फ्रान्सच्या जाँ रुश यांची कारकीर्द या प्रश्नाभोवती फिरत राहिली.

रुश १९१७ साली पॅरिसमध्ये जन्मले. शिक्षणाने इंजिनियर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रस्ते बांधायला ते पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये गेले. तिथे वीज पडून दहा मजूर दगावले. त्यानंतर सोंघाय लोकांनी केलेला विधी पाहून हा इंजिनियर माणसांचा अभ्यासक झाला. पुढे दोन मित्रांसह नायजर नदीतून प्रवास करताना कॅमेऱ्याची तिपाई हरवली. कॅमेरा हातात धरणं भाग पडलं आणि ती अडचणच त्यांची शैली ठरली.

१९५१ मध्ये त्यांनी पाणघोड्याच्या शिकारीचं चित्रण केलं आणि नंतर ते त्याच गावात दाखवलं. लोकांनी ते पुन्हा पुन्हा पाहिलं आणि हरकत घेतली. शिकारीच्या प्रसंगाला रुश यांनी संगीत जोडलं होतं. शिकारी म्हणाले, शिकारीत शांतता लागते. आवाज ऐकून पाणघोडा पळेल! रुश यांनी संगीत काढून टाकलं. ज्यांचं चित्रण केलं, तेच पहिले परीक्षक झाले. या पद्धतीला ते सामायिक मानवशास्त्र म्हणत.

वाद मात्र सुटले नाहीत. १९५५ च्या 'ले मेत्र फू' या चित्रपटात आक्रा शहरातल्या स्थलांतरित मजुरांच्या अंगात गव्हर्नर आणि लष्करी अधिकारी संचारतात. काहींना ती गोऱ्या सत्तेची टर वाटली. अनेक आफ्रिकी प्रेक्षकांना मात्र त्यात आपल्या माणसांची विटंबना दिसली. आफ्रिकेकडे किड्यामुंग्यांसारखं पाहिलं जातं, असा आरोप सेनेगलचे दिग्दर्शक उस्मान सेंबेन यांनी रुश यांच्या तोंडावर केला. तो आरोप आजही सहज पुसता येत नाही.

रुश यांनी काम करतच शोध घेतला. १९५८ च्या 'मुआ, अँ न्वार'मध्ये त्यांनी उमारू गांदा या मजुराला स्वतःच्याच दृश्यांवर बोलू दिलं. हेच गांदा पुढे स्वतः दिग्दर्शक झाले. १९६० मध्ये एदगार मोरँ यांच्यासह रुश यांनी कॅमेरा थेट पॅरिसकडे वळवला. तुम्ही सुखी आहात का, असं रस्त्यावरच्या माणसांना विचारलं. मग चित्रित झालेल्यांना त्यांची दृश्यं दाखवली आणि त्यांची भांडणंही चित्रपटात ठेवली.

फेब्रुवारी २००४ मध्ये नायजरमध्येच मोटार अपघातात त्यांचं निधन झालं. नियामे शहरात त्यांना दफन केलं गेलं.

आता आपल्याही खिशात कॅमेरा असतो. वारीत, उरुसात, आदिवासी पाड्यावर आपण तो सहज काढतो. विचारून काढतो का? काढलेलं त्यांना दाखवतो का? आणि ते नको म्हणाले, तर पुसतो का? चित्र किती सुंदर आलं, हे त्यानंतर पाहावं.