नवे प्रमुख धर्मगुरू कसे निवडले जातात?

धर्मगुरूंच्या बदल्या जाहीर झाल्या की भाविकांचा पहिला प्रश्न असतो, "नवे फादर कसे आहेत?" प्रभावी प्रवचन, गोड गळा, इमारती उभारण्याचे कौशल्य हे गुण उपयुक्त खरेच, परंतु ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कॅनन लॉमध्ये त्यांचा उल्लेख नाही. कलम ५२१ नुसार प्रमुख धर्मगुरूला गुरुदीक्षा मिळालेली असावी, त्याची शिकवण शुद्ध व आचरण निर्मळ असावे आणि आत्म्यांच्या तारणाची त्याला तळमळ असावी.

नेमणूक महागुरू करतात. मात्र त्यांनी पक्षपात टाळावा, सर्व परिस्थिती विचारात घ्यावी, विभागाच्या डीनचे मत घ्यावे आणि आवश्यक वाटल्यास काही धर्मगुरूंचे व प्रापंचिकांचेही ऐकावे, असे कलम ५२४ सांगते. येथे मतदान नाही. पण भाविकांचा आवाज वर्ज्यही नाही.

म्हणून कोणी विचारलेच, तर आपण आवडीनिवडी नव्हे, गरजा सांगाव्यात: किती आजारी घरात खिळून आहेत, कोणती कुटुंबे मिस्साबलिदानापासून दुरावली आहेत, कोणता कलह अजून धुमसतो आहे. घरोघरी जाऊन अशा दुःखितांना धीर देणे हेच कलम ५२९ ने प्रमुख धर्मगुरूवर सोपविलेले काम आहे. आणि कोणी विचारले नाही, तरी येणाऱ्या मेंढपाळासाठी प्रार्थना करणे आपल्या हाती आहेच.