दबलेली नस : इजा आणि सुधारणा मोजायची कशी?

जयपुरात जोरावरसिंह गेटजवळ १९७६ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय आयुर्वेद संस्थान आहे, आणि त्याच शहरात सवाई मानसिंह रुग्णालयही. कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेला एकीकडे गृध्रसी म्हणतात, दुसरीकडे सायटिका. उपचार वेगळे असले तरी रुग्णाचे प्रश्न तेच असतात : नसेला इजा किती झाली, आणि ती भरून येतेय हे कशावरून कळणार? बहुतेकजण याचं उत्तर एखाद्या रिपोर्टात शोधतात, आणि घोळ तिथेच होतो. प्रत्येक तपासणी वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. नस भरून आली का, हे मात्र शेवटी पायाच्या कामावरूनच ठरतं.

गैरसमज : एमआरआयमध्ये नस दबलेली दिसली, म्हणजे इजा झालीच.

वस्तुस्थिती : एमआरआय मणके, त्यांच्यामधली गादी आणि नसेभोवतीची जागा दाखवतो; नस काम किती करते, हे त्यात दिसत नाही. पाठीचा त्रास नसलेल्या ३,११० लोकांवरचे अभ्यास २०१५ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांची गादी फुगलेली आढळली. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या २६७ रुग्णांचा वर्षभराने पुन्हा एमआरआय काढला. बरे झालेल्यांत ३५ टक्के आणि बरे न झालेल्यांत ३३ टक्के जणांची सरकलेली गादी अजून दिसतच होती. मग एमआरआय काढायचाच कशाला, असं कोणी विचारेल. शस्त्रक्रियेची नेमकी जागा ठरवायला आणि गाठ किंवा जंतुसंसर्ग नाही याची खात्री करायला तो हवाच. सुधारणा मोजायला मात्र तो उपयोगाचा नाही.

गैरसमज : एनसीव्ही नॉर्मल आली, म्हणजे नस शाबूत आहे.

वस्तुस्थिती : एनसीव्हीत नसेला हलका करंट देऊन तो तिच्यातून कसा धावतो ते मोजतात. संवेदना वाहणाऱ्या तंतूंच्या पेशी मणक्याच्या छिद्रापाशी असतात आणि नस बहुधा त्यांच्याही आतल्या बाजूला दबते. त्यामुळे पेशींपासून पायापर्यंतचा तंतू जिवंत राहतो. पाऊल बधिर असूनही त्यातून करंट व्यवस्थित धावतो. ईएमजीत स्नायूत बारीक सुई घालतात. हालचालीचे तंतू तुटले असतील, तर स्नायू सैल सोडलेला असतानाही त्यात आपोआप विद्युत्-लहरी उमटतात. पण पायात त्या दिसायला साधारण तीन आठवडे जातात, त्यामुळे घाईने केलेली तपासणी निर्दोष येऊ शकते. आणि फक्त संवेदनेचे तंतू दुखावले असतील, तर ईएमजीलाही काही सापडत नाही.

गैरसमज : कळ थांबली, म्हणजे नस भरून आली.

वस्तुस्थिती : कळ बरीचशी नसेभोवतीच्या सुजेवर अवलंबून असते, ताकद तंतूंवर. पाय उचलता न येणं हे गृध्रसीचं लक्षण सुश्रुतसंहितेत आहे, आणि उताणं झोपवून सरळ पाय उचलण्याची चाचणी आजही होते. पण पाय किती कोनापर्यंत उचलला जातो, यावरून नस किती चिडली आहे याचा अंदाज येतो, तिची ताकद कळत नाही. ताकद पाहायची तर रुग्णाला टाचांवर चालायला सांगावं, पायाचा अंगठा वर धरायला लावून तो बोटाने खाली दाबून पाहावा, एका पायाच्या चवड्यावर पुन्हापुन्हा उठायला लावावं, आणि ताकदीची ० (हालचालच नाही) ते ५ (पूर्ण ताकद) अशी नोंद ठेवावी. तुटलेला तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून नडगीपर्यंत पोचायला त्याला वर्षही पुरत नाही. कळ कमी होत असताना पाऊल घसटू लागलं, तर ती सुधारणा नव्हे. आणि लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

हातांनी केलेल्या तपासणीत माणसागणिक फरक पडतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ती दर वेळी त्याच पद्धतीने, शक्यतो त्याच डॉक्टरांनी करावी, आणि चालणं, बसणं, झोप यांबद्दलची ठरावीक प्रश्नावली जोडीला घ्यावी. आणि फरक उपचाराने पडला का, हे ठरवायला तुलनाही हवीच. नेदरलँड्समध्येच २८३ रुग्णांत लवकर शस्त्रक्रिया आणि थांबून पाहणं यांची तुलना झाली. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के जणांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. शस्त्रक्रियेने आराम लवकर पडला, पण वर्षअखेरीस बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत ९५ टक्के होतं. तेव्हा अग्निकर्म (चटका देण्याचा आयुर्वेदिक उपचार) असो वा इंजेक्शन, त्यानंतर बरं वाटलं एवढ्यावरून श्रेय देता येत नाही. पहिल्याच भेटीत केसपेपरवर अंगठ्याची ताकद, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया आणि बधिर भाग लिहून घ्यावा. ही नोंद रुग्णाने आग्रहाने मागावी, कारण तिच्याविना कोणत्याही उपचाराचा हिशेब लागत नाही.