गावच्या घरात स्वतःचं मिनी ओटीटी: कमी बजेटमध्ये ‘नॅस’ घेताना नेमकं काय बघायचं?

गणपतीत मुरुडच्या आमच्या घरात एका वेळी पंधरा-सोळा माणसं असतात. मुंबई-पुण्याचे चाकरमानी आले की सगळ्यांचे मोबाईल एकाच वायफायवर. आरती झाली, जेवणं उरकली की कुणीतरी टीव्ही लावतं आणि स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत बसतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या दादाने यावर उपाय काढला. एक हार्डडिस्क आणली आणि टीव्हीच्या मागे जोडली. त्यात सिनेमे होतेच, पण घरातली लग्नं, शिमग्याची पालखी आणि आजीच्या पंचाहत्तरीचं शूटिंगही होतं. तिसऱ्या दिवशी कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि डिस्क फरशीवर पडली. परत लावली तर नुसताच टिकटिक आवाज.

काकूने विचारलं, “दुसरीकडे ठेवलंयस ना रे कुठे?”

दादा गप्प. लग्नाचे व्हिडिओ नंतर फोटोग्राफरकडून मिळाले. आजीचं शूटिंग मिळालं नाही, आणि ते परत करायला आजीही नव्हती.

तर आजचा विषय हाच. घरचे व्हिडिओ, फोटो, गाणी एका जागी ठेवायची, घरातल्या कुठल्याही टीव्हीवर किंवा मोबाईलवर बघायची, आणि तेही खिसा रिकामा न करता. या कामासाठी जे यंत्र असतं त्याला म्हणतात नॅस, म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज.

नॅस म्हणजे नक्की काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर राउटरला जोडलेली हार्डडिस्क, जिला स्वतःचा छोटा कॉम्प्युटर असतो. डिस्क एका खोलीत, टीव्ही दुसऱ्या खोलीत आणि मोबाईल गच्चीत. सगळे एकाच वायफायवर असले की झालं.

आता तुम्ही म्हणाल, नेट गेलं तर? इथेच खरी गंमत आहे. नॅसवरचा व्हिडिओ इंटरनेटवरून येत नाही, तो राउटरमधून थेट टीव्हीकडे जातो. बाहेरचं कनेक्शन बंद असलं तरी राउटर आणि नॅस चालू आहेत तोवर व्हिडिओ चालतो.

कोकणात ही गोष्ट छोटी नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. मुरुड, श्रीवर्धन पट्ट्यात झाडं पडली, विजेचे खांब आडवे झाले, मोबाईलचं नेटवर्क गेलं. कित्येक गावांत वीज परत यायला दिवस नाही, आठवडे लागले. ज्यांचे फोटो फक्त क्लाउडवर होते त्यांना ते तेवढे दिवस उघडताच आले नाहीत. अर्थात वीजच नसेल तर नॅसही चालत नाही, त्यावर पुढे येतो.

पहिला प्रश्न: तुमचा टीव्ही फाईल थेट वाचतो का?

नॅस घेताना लोक आधी किती टीबी ते बघतात. खरं तर आधी बघायचं ते हे.

व्हिडिओ दोन पद्धतीने चालतो. पहिली, डायरेक्ट प्ले. फाईल आहे तशी टीव्हीकडे जाते आणि टीव्हीच ती उलगडतो. यात नॅसला फारसं काम नसतं, स्वस्तातलं यंत्रही पुरतं. दुसरी, ट्रान्सकोडिंग. टीव्हीला फाईलचा प्रकार समजत नाही, म्हणून नॅस ती चालता चालता बदलून देतं. याला ताकद लागते आणि स्वस्त नॅस इथेच धापा टाकतं.

त्यामुळे आधी एक फुकटची चाचणी करा. तुमच्याकडचे चार-पाच प्रकारचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर घ्या आणि टीव्हीला लावा. सगळे नीट चालले तर महागड्या प्रोसेसरवर पैसे घालायची गरज नाही. जुन्या टीव्हींना एच.२६५ प्रकारचे व्हिडिओ जड जातात, काही टीव्हींवर डीटीएस प्रकारचा आवाज येत नाही. आणि हो, पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसतच नाही, ते आधी तपासा.

दुसरा प्रश्न: पाईप किती मोठा?

साधा १०८०पी व्हिडिओ बहुतेक वेळा १० एमबीपीएसच्या आसपास चालतो. तेवढं १०० एमबीपीएसचा जुना राउटरही आरामात देतो. पण फोर-के ब्लू-रे दर्जाची फाईल १२८ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकते. तिथे गिगाबिट राउटर लागतो.

शक्य असेल तर नॅस राउटरला वायरने जोडा आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवा. फक्त जांभ्याच्या जाड भिंतीतून हा सिग्नल लवकर मरतो. टीव्ही दोन भिंतींपलीकडे असेल तर सरळ लॅन केबल ओढा. दुसरं महाग यंत्र घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

तिसरा प्रश्न: जागा किती लागेल?

फोनवर काढलेला १०८०पी व्हिडिओ फोनच्या सेटिंगनुसार मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी घेतो. म्हणजे तासाला ४ ते ८ जीबी धरा. या हिशोबाने २ टीबीच्या डिस्कवर अडीचशे तासांच्या आसपास शूटिंग सहज मावतं. साध्या कुटुंबाला सुरुवातीला एवढं खूप झालं. (२ टीबीची डिस्क कॉम्प्युटरवर १.८१ टीबी दिसली तर दुकानदाराशी भांडू नका, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.)

मग घ्यायचं काय?

स्वस्ताकडून महागाकडे जाऊ.

१. राउटरचा यूएसबी पोर्ट. बऱ्याच राउटरना मागे यूएसबी असतो. त्यात डिस्क लावा, सेटिंगमध्ये शेअरिंग चालू करा. वेग कमी असतो, पण एका टीव्हीसाठी चालून जातं. आधी हे करून बघा.

२. जुना लॅपटॉप. बजेट कमी असेल तर माझं पहिलं मत यालाच. त्यावर जेलीफिन हे मोफत सॉफ्टवेअर टाका, घरातल्या घरात ओटीटीसारखी पोस्टरवाली स्क्रीन तयार. इंटेलच्या सातव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर असेल तर एच.२६५ चं ट्रान्सकोडिंगही बऱ्यापैकी होतं. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र ती काढून टाका, त्यात हयगय नको.

३. रास्पबेरी पाय. पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर. वीज जेमतेम खातो. डायरेक्ट प्लेसाठी उत्तम, ट्रान्सकोडिंगसाठी नाही. डिस्क मात्र स्वतःच्या अॅडॉप्टरवर चालणारी घ्या.

४. तयार नॅस. सिनॉलॉजी, क्यूनॅप वगैरे कंपन्यांचे दोन डिस्कचे डबे मिळतात. सेटिंग सोपं, मोबाईल अॅप चांगलं. पण डबा बहुतेक वेळा रिकामा येतो, डिस्कचे पैसे वेगळे. स्वस्त मॉडेलमध्ये रॅमही कमी असते. उदाहरणार्थ सिनॉलॉजीच्या डीएस२२३जे मध्ये १ जीबी, तर डीएस२२३ मध्ये २ जीबी. शिवाय कंपनीच्या अॅपवर विसंबू नका. सिनॉलॉजीने २०२४ मध्ये आपलं व्हिडिओ स्टेशन हे अॅपच नव्या आवृत्तीतून काढून टाकलं.

विजेचं म्हणाल तर १५ वॅटचं यंत्र दिवसरात्र चालू ठेवलं तर महिन्याला साधारण ११ युनिट होतात.

समुद्राकाठचं गणित वेगळं

खारी हवा आणि पावसाळ्यातली ओल यांनी इथे खिडकीचे गज गंजतात, तिथे सर्किटचं काय? नॅस समुद्राच्या बाजूच्या खिडकीत ठेवू नका. बंद कपाटातही नको, गरम होतं. आतल्या खोलीत, जमिनीपासून उंच, हवा खेळेल अशी जागा बघा. पावसाळ्यात महिनोन्महिने बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालू केलेलं बरं.

दुसरं, लाईट. फाईल लिहिली जात असताना लाईट गेली तर डेटा बिघडू शकतो. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस घ्या आणि राउटरही त्यावरच लावा. घरी इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर आहे का बघा. लॅपटॉप वापरत असाल तर त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस, फक्त बाहेरून वीज घेणारी डिस्क त्यावर चालत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं

दोन डिस्कच्या नॅसमध्ये रेड १ नावाची सोय असते. दोन्ही डिस्कवर तीच माहिती. एक गेली तरी दुसरी चालू. पण याला बॅकअप समजू नका. चुकून फाईल डिलीट केली तर ती दोन्हीकडून जाते. घरात पाणी शिरलं तर दोन्ही डिस्क भिजतात.

हॅकिंगचंही तेच. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या जुन्या यंत्रांमधला डेटा जगभरात अनेकांच्या घरी आपोआप पुसला गेला. २०२२ च्या जानेवारीत क्यूनॅपच्या यंत्रांवर डेडबोल्ट या रॅन्समवेअरने हल्ला केला. दोन्हीकडे फटका बसला तो इंटरनेटला उघड्या जोडलेल्या यंत्रांना. तेव्हा बाहेरून बघायची हौस नसेल तर नॅस घरापुरतंच ठेवा, अपडेट टाका आणि पासवर्ड बदला.

म्हणून पैसे मोजकेच असतील तर दोन डिस्कच्या डब्याऐवजी एक जुना लॅपटॉप आणि दोन डिस्क असा हिशोब करा. एक डिस्क मुरुडला, दुसरी मुंबईच्या घरी. गणपतीला आणि शिमग्याला माणसं येतातच, तेव्हा दुसरी डिस्क सोबत आणायची, नवं सगळं कॉपी करायचं आणि परत न्यायची.

आमच्याकडे आता हेच चालतं. मागच्या गणपतीत काकूने टीव्हीवर पालखीचा व्हिडिओ लावला आणि आधी दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, “दोन ठिकाणी आहे, काकू.”