निरुपद्रवी फाइलवर अँटीव्हायरस का भडकतो?

२१ एप्रिल २०१०. मॅकॅफी या अँटीव्हायरस कंपनीने नेहमीसारखं अपडेट सोडलं, क्रमांक ५९५८. थोड्याच वेळात विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ असलेले हजारो कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागले, नेटवर्कही गेलं. का? तर विंडोजचीच एसव्हीसीहोस्ट ही फाइल अँटीव्हायरसने व्हायरस समजून उचलून बाजूला टाकली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी!

अँटीव्हायरसकडे जुन्या व्हायरसच्या खुणा असतात, त्यांना सिग्नेचर म्हणतात. खूण ढोबळ निघाली की भलतीच फाइल सापडते. दुसरी पद्धत वागणूक बघायची. उदाहरणार्थ, ऑटोहॉटकी हे शॉर्टकट बनवायचं टूल, त्यासाठी ते कीबोर्डवर लक्ष ठेवतं. पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅमही तेच करतात. पायइन्स्टॉलर या टूलने बांधलेल्या पायथन प्रोग्रॅमचं तर विचारूच नका. त्याचा सुरुवातीचा भाग, बूटलोडर, बहुतेकांचा सारखाच असतो आणि व्हायरस लिहिणारेही तोच वापरतात. मग एकाच्या पापाची शिक्षा सगळ्यांना!

त्यात फाइल नवी, डिजिटल सही नसलेली, फारशी कोणी डाउनलोड न केलेली असेल तर संशय आणखी वाढतो. कॉलेजातल्या पोराने काल रात्री बनवलेलं टूल या सगळ्यात चपखल बसतं.

अशी फाइल अडकली तर अनेक अँटीव्हायरस इंजिनांनी फाइल तपासणाऱ्या व्हायरसटोटल या साइटवर तपासा. खासगी कागदपत्रं मात्र तिथे टाकू नका, अपलोड केलेलं इतरांपर्यंत पोचतं. त्या इंजिनांपैकी एखाद-दुसरंच ओरडत असेल, तेही 'जेनेरिक' असं मोघम नाव देऊन, आणि फाइल मूळ साइटवरची असेल, तर बहुधा खोटा गजर. मग अँटीव्हायरस कंपनीला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणून कळवा. बऱ्याच कंपन्यांचा त्यासाठी फॉर्म असतो. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत 'आधी अँटीव्हायरस बंद करा' अशी सूचना आली, तर यातलं काहीही लागू नाही.