पत्ता आपला, पेटी परक्याची!

बँकेचं स्टेटमेंट, रेल्वेचं तिकीट, पीएफचं पासबुक, लेकीच्या अ‍ॅडमिशनची यादी, परदेशातल्या भाच्याचे फोटो. सगळं येऊन पडतं एकाच पेटीत, आणि त्या पेटीसाठी आपण आजवर रुपयाही मोजलेला नाही. मोफत ईमेल आता तिशीच्या घरात आलं आहे. त्याच्या या प्रवासातले हे भन्नाट किस्से वाचा, आणि वाचता वाचता आपल्या पेटीचं कुलूप नीट लागलंय ना, तेही बघून घ्या.

१. गोगलगाय, कुत्रा आणि वाण्याचा हिशेब

१९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका कम्प्युटरवरून दुसऱ्यावर पहिला निरोप धाडला. माणसाचं नाव आणि मशीनचं नाव वेगळं दिसावं म्हणून त्यांनी कीबोर्डवरचं एक दुर्लक्षित चिन्ह मधे घातलं. इटालियन लोक त्याला गोगलगाय म्हणतात, रशियन कुत्रा म्हणतात, डच माकडाची शेपटी. आपण म्हणतो 'ॲट द रेट', कारण हे चिन्ह मुळात हिशेबाच्या वहीतलं. पाच डझन, दर अमुक, असं लिहायला वापरलं जाणारं.

२. स्वातंत्र्यदिनी सुटका

४ जुलै १९९६, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. बंगळुरूत वाढलेले सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांनी त्या दिवशी हॉटमेल सुरू केलं. तोवर ईमेल म्हणजे ऑफिसनं, कॉलेजनं नाहीतर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीनं दिलेला पत्ता. नोकरी सुटली की पत्ताही गेला. हॉटमेलनं पत्ता माणसाच्या हातात दिला. नाव लिहिताना एच, टी, एम आणि एल ही अक्षरं मोठी काढत, म्हणजे वेबपानाची भाषा 'एचटीएमएल' नावातच. प्रत्येक मेलच्या तळाशी 'तुम्हीही मोफत मेल घ्या' अशी ओळ जायची. जो मेल पाठवेल तोच प्रचारक! डिसेंबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ही कंपनी सुमारे ४० कोटी डॉलरना घेतली. त्याच सुमारास याहू मेल आलं, मुंबईतून रेडिफमेल आलं, आणि आपल्याकडच्या कित्येक घरांचा पहिला ईमेल पत्ता सायबर कॅफेच्या खुर्चीत तयार झाला.

३. एप्रिल फूल नव्हतं ते

हॉटमेल द्यायचं २ एमबी जागा. आज फोनवर काढलेला एक फोटोसुद्धा त्यात मावत नाही. नवं पत्र यावं म्हणून जुनं पुसायचं, असा तो काळ. १ एप्रिल २००४ रोजी गूगलनं १ जीबीची पेटी जाहीर केली, म्हणजे जवळपास पाचशे पट. तारीख पाहून अनेकांना ती थट्टाच वाटली. सुरुवातीला जीमेल आमंत्रणावरच मिळे, आणि ती आमंत्रणं चक्क लिलावात विकली गेली. सगळ्यांना दार उघडलं ते १४ फेब्रुवारी २००७ रोजी. एक गंमत आणखी: गूगलकडे येण्याआधी 'जीमेल' हा पत्ता गारफिल्ड या कार्टूनमधल्या बोक्याच्या मोफत मेलसेवेचा होता!

४. टिंब द्या, नाहीतर नका देऊ

जीमेल पत्त्यातली टिंबं मोजतच नाही. 'अमोल.पाटील' आणि 'अमोलपाटील' ही त्याच्या लेखी एकच पेटी. पाटील, कुलकर्णी, जाधव, शिंदे यांच्या या राज्यात त्याचा परिणाम असा, की दुसऱ्याच कुणा अमोल पाटलांचं वीजबिल तुमच्याकडे येतं. त्यांनी फॉर्मवर पत्ता चुकीचा लिहिलेला असतो. त्यातल्या लिंकवर बोट ठेवू नका.

उपयोगाची युक्तीही घ्या. नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडलात, तरी मेल तुमच्याच पेटीत येतो. प्रत्येक दुकानाला वेगळा शब्द द्या. नको त्या जाहिराती सुरू झाल्या, की पत्ता कुणी पुढे सरकवला ते लगेच कळतं.

५. 'सुप्रभात'नं अडवलेली बँक

गूगलची १५ जीबी जागा एकट्या मेलची नाही. मेल, ड्राइव्ह आणि फोटो, तिघांत मिळून ती आहे. २०२४ पासून अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपही त्यातच मोजला जाऊ लागला. म्हणजे घरच्या ग्रुपवरच्या फुलांच्या 'सुप्रभात'नं जागा भरली, तर बँकेचा मेल दारातूनच परत जातो. मेल येणं अचानक थांबलं, तर आधी जागा तपासा. 'आकारानं मोठे' असे मेल शोधून उडवा आणि कचरापेटीही रिकामी करा, नाहीतर जागा सुटत नाही.

६. पंचवीसचे अठरा

२५ एमबीपर्यंतची फाइल चालेल म्हणतात, आणि २२ ची फाइल परत येते. का? ईमेल मुळात फक्त साध्या मजकुरासाठी जन्मलं. फोटो किंवा पीडीएफ पाठवताना त्याचं आधी अक्षरांत रूपांतर करावं लागतं, आणि त्यात वजन एक तृतीयांशानं फुगतं. म्हणून १८ एमबीच्या पुढची फाइल ड्राइव्हवर ठेवून लिंक पाठवलेली बरी.

७. वेलांटीचा झाला येन

मराठी मेल उघडावा, तर अक्षरांऐवजी विचित्र चिन्हांची रांगोळी! मजकूर बिघडलेला नसतो. युनिकोडच्या 'यूटीएफ-८' पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन तुकड्यांत साठवलं जातं. वाचणाऱ्या प्रोग्रामनं ते तुकडे युरोपीय अक्षरं समजून वाचले, की एकाचे तीन होतात. पहिला तुकडा नेहमी तोच, डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए'. दुसरा अनेकदा चलनाचं गोल चिन्ह. दीर्घ वेलांटी, उकार किंवा मात्रा असेल तर चक्क जपानी येन. अशा वेळी एन्कोडिंग बदलून 'यूटीएफ-८' निवडा, मराठी परत जागेवर. युनिकोड रुळण्याआधी तर पाठवणाऱ्याचाच फाँट घेणाऱ्याकडे असावा लागे. म्हणून एक अख्खी पिढी आईला रोमन लिपीत 'काळजी करू नकोस' लिहीत होती.

८. पस्तीस डॉलरची नाताळभेट

डिसेंबर १९९९ मध्ये, ऐन नाताळात, हॉटमेल अडखळलं. कारण? लॉग-इनसाठी लागणाऱ्या एका वेबपत्त्याची फी भरायची मायक्रोसॉफ्टकडून राहून गेली होती. अमेरिकेतल्या एका प्रोग्रामरनं आपल्या कार्डावरून ३५ डॉलर भरले आणि गाडी पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अशी फट सापडली होती, की 'ई' आणि 'एच' एवढी दोन अक्षरं पासवर्ड म्हणून वापरून कुणाच्याही हॉटमेल पेटीत शिरता येत होतं.

९. तीनशे कोटी किल्ल्या

२०१३ मध्ये याहूवर डल्ला पडला. आधी आकडा सांगितला गेला १०० कोटी खात्यांचा. ऑक्टोबर २०१७ मध्ये कळलं, की त्या वेळची सगळीच्या सगळी ३०० कोटी खाती त्यात होती. धडा सरळ आहे. मेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका. बाकी सगळे पासवर्ड बदलण्याच्या लिंक मेलवरच येतात, म्हणजे ही किल्ल्यांच्या जुडग्याची पेटी आहे. तिला दुहेरी कुलूप, म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशन, आजच लावा.

१०. टेपनं तारलं

फेब्रुवारी २०११ मध्ये काही हजार जीमेलधारकांनी पेटी उघडली, तर आत काहीच नाही! सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीनं मेल पुसले गेले होते, अनेक ठिकाणी ठेवलेल्या प्रतींसकट. शेवटी कामाला आली ती जुनीपुराणी चुंबकीय टेप. जाळ्यापासून वेगळी ठेवलेली म्हणून चुकीपासून वाचलेली. गूगललाही वेगळी प्रत लागते, मग आपल्याला का नको? 'टेकआउट' सुविधेनं वर्षातून एकदा सगळे मेल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा.

११. फिरकला नाहीत, तर गेलं

डिसेंबर २०२३ पासून गूगल दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसू लागलं. याहूची मुदत तर एका वर्षाची. याहूनं २०१३ मध्ये पडीक पत्ते नव्या माणसांना वाटायलाही काढले होते. बाबांच्या जुन्या पेटीत आजीची पत्रं असतील, तर वर्षातून दोनदा ती उघडा. आपल्यामागे पेटी कुणाला मिळावी, हेही गूगलच्या 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये नोंदवता येतं. मृत्युपत्राइतकंच ते महत्त्वाचं आहे.

१२. जुना नंबर, नवा मालक

मोबाइल कंपन्या बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला देतात. तुमच्या मेलच्या 'रिकव्हरी'त तोच जुना नंबर असेल, तर पासवर्ड विसरल्यावर ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजेल. सिम बदललं, की त्याच दिवशी मेलमधला नंबर बदला. मोफत सेवेत फोन उचलून मदत करणारं माणूस सहसा नसतं. तिथे तुमची ओळख पटवतो तो हा नंबर आणि दुसरा पत्ता.

मग पेटी निवडायची कुठली?

जीमेल: बहुतेकांना सोयीचं, शोध उत्तम. जाहिराती नेमक्या दाखवण्यासाठी मेलचा मजकूर चाळणं गूगलनं २०१७ मध्ये थांबवायचं ठरवलं. जाहिराती मात्र राहिल्या.

आउटलुक: जुनं हॉटमेलच, २०१२ पासून नव्या नावानं. वर्ड-एक्सेलमध्ये काम करणाऱ्यांना सोयीचं. मेलसाठी १५ जीबी.

प्रोटॉन: २०१४ मध्ये सर्न प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी सुरू केलेली स्विस सेवा. साठवलेले मेल कंपनीलाही वाचता येत नाहीत. किंमत अशी, की पासवर्ड विसरलात आणि रिकव्हरीची सोय करून ठेवली नसेल, तर जुने मेल वाचता येत नाहीत. शिवाय समोरचा जीमेलवर असेल, तर त्याच्या पेटीतली प्रत उघडीच असते.

झोहो: चेन्नईची कंपनी. स्वतःचं डोमेन घेतलंत, तर मोफत योजनेत पाच जणांना प्रत्येकी ५ जीबी. बचत गट, छोटं दुकान, वाचनालय यांच्यासाठी उत्तम. मोफत योजनेत मेल ब्राउझरमध्ये किंवा त्यांच्या अ‍ॅपमध्येच वाचावा लागतो.

स्वतःचं डोमेन हीच खरी मालकी. वर्षाला थोडे पैसे लागतात. पण सेवा बदलली तरी पत्ता तोच राहतो. फोन कंपनी बदलून नंबर कायम ठेवावा, तसंच हे. मोफत सेवेत ही हमी नाही. याहूनं जानेवारी २०२१ पासून मोफत खात्यांचं आपोआप मेल पुढे पाठवणं बंद केलं, आणि पेटी बदलू पाहणाऱ्यांची वाट अवघड झाली.

मोफत पेटी जरूर वापरा. तिनं दुबईतल्या मुलाला आणि सांगलीतल्या आईला जोडलं, गावातल्या पोराला नोकरीची पत्रं दिली. पण ती भाड्याच्या घरासारखी वापरा. दागिने नीट ठेवायचे, किल्ली आपल्याजवळ आणि दुसरा पत्ता हाताशी. आज रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि चार गोष्टी करा: रिकव्हरी नंबर तपासा, दुहेरी कुलूप लावा, जागा मोकळी करा, मेलची एक प्रत उतरवून ठेवा. आई-बाबांच्या फोनवरही हेच करून द्या. आणि तरीही पेटी फुटून पैसे गेलेच, तर क्षणही न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.